कोण म्हणालं, कोणाला

४ जानेवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. एवढे एकदम पाठवतोय म्हणजे मामाने काम काढलंय हे तू ओळखलं असशीलच.

तुझा मामा सध्या एका चिमुकल्या इंग्रजी शब्दात अडकलाय. शब्द आहे 'सेट'. इंग्रजी-मराठी कोशाचं माझं काम इथपर्यंत कसं घोड्यासारखं धावत आलं, आणि इथे येऊन त्या घोड्याने बसकण मारलीय. सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो. हाड सेट करतात म्हणजे बसवतात. घड्याळ लावतात, टेबल मांडतात, कपबश्यांचा संच असतो, प्लास्टर घट्ट होतं, आणि हे सगळं 'सेट'. याच शब्दाने सापळा लावतात आणि याच शब्दाने कैद्याला सोडतात. सांग, या भाषेला काही लाज आहे का?

अर्थ मी लिहीन गं, वाक्यं कुठून आणू? माझा नियम तुला लहानपणापासून पाठ आहे: कोशात बनावट वाक्य चालणार नाही. 'मुलगा चेंडू फेकतो' असं जगात कोणी कोणाला कधी म्हणालेलं नाही. माझ्या प्रत्येक कार्डावर खरं वाक्य हवं, आणि त्याखाली कोण म्हणालं, कोणाला, कुठे. आता मी घराबाहेर पडत नाही. तुझी मामी गेल्यापासून या घरात एकच माणूस बोलतो, तो मी, आणि तोही कार्डांशी. तेव्हा तुझे कान उसने दे. तू कवळ्या करतेस, म्हणजे दिवसभर 'सेट' तुझ्या हाताखालीच असणार. इंग्रजी 'सेट' आलं तरी चालेल, मराठी शब्द आला तर सोन्याहून पिवळं.

फोनचं नाव काढू नकोस. दात गेल्यापासून माझं बोलणं फोनवर शिट्टीसारखं ऐकू येतं. पत्रात मी अजून तरणाबांड आहे.

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
मामा

---

१९ जानेवारी

ती. मामा,

वाकून नमस्कार. खरोखर वाकूनच लिहितेय, कारण माझं स्टूल उंच आहे आणि टेबल ठेंगणं.

तुमचं पत्र आलं आणि मला काम मिळालं. म्हणजे काम भरपूर आहे, पण हे वेगळं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, लिही की, कोशाच्या प्रस्तावनेत आभार मानतील तर दवाखान्याचंही नाव येईल.

तुम्ही माझी लॅब पाहिलेली नाही, म्हणून सांगते. पुढे दवाखाना, त्याच्या मागे ही खोली. खिडकी आहे, पण काच दुधी, त्यामुळे बाहेर उजेड आहे का अंधार एवढंच कळतं. आतूनच जिना वर घरात जातो, आणि त्याच्या पायथ्याशी घराचं रस्त्यावर उघडणारं दार आहे. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. पसरट चमच्यासारख्या साच्यात ओला मसाला भरून तो तोंडात दाबून धरायचा. मसाला घट्ट होईपर्यंत डॉक्टरांनी हात काढायचा नाही, हलवायचाही नाही. हलला की माप गेलं. मी कधीकधी दारातून बघते. तेवढा वेळ पेशंट आणि डॉक्टर दोघंही अडकलेले असतात, आणि सगळ्या दवाखान्यात मोकळी अशी मी एकटीच.

मग ते माप माझ्याकडे येतं. त्यात मी प्लास्टर ओतते. घट्ट होताना ते गरम होतं, हातात धरलं तर एखादं जिवंत जनावर धरल्यासारखं वाटतं. त्यावर मेण, मेणात दात. माझ्या कपाटात सगळ्या गावाची तोंडं ओळीने ठेवलेली आहेत. माणसं मात्र मी पाहिलेली नाहीत.

वाक्यं पाठवते:

'प्लास्टर सेट होत असताना त्याला हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं?'

'तुझं सगळं मी सेट करून ठेवलंय. तुला बाहेर पडायची गरजच काय?'

चालतील का? तुम्ही कधी दात बसवणार? तुमच्या तोंडाचा साचा माझ्या कपाटात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची,
ठकू

---

२ फेब्रुवारी

चि. ठकूस,

चालतील का म्हणून काय विचारतेस? पळतील! पहिलं वाक्य मी 'घट्ट होणे' या अर्थाखाली लगेच चिकटवलं. दुसरं तर लाखात एक. 'व्यवस्था लावणे' या अर्थाला मी किती दिवस वाक्य शोधत होतो. काय सहज बोलणं आहे! कुठलीतरी काळजीवाहू सासू सुनेला म्हणत असावी असं वाटतं. बारीकसा बदल सुचवतो: 'गरजच काय' ऐवजी 'काय गरज' केलं तर वाक्य जरा मऊ होईल. पण राहू दे, माझाच नियम मोडायला नको.

दुधी काचेचं वाचून हसलो. माझी तरी कुठे वेगळी आहे? माझ्या खिडकीसमोर मी कार्डांचे खोके रचलेत. बाजारहाट शेजारची मुलगी करून देते. परवा एका जुन्या मित्राने जेवायला बोलावलं तर कपाटात चपला शोधल्या, सापडल्या नाहीत, म्हणून गेलोच नाही. आपण मामा-भाची एकाच माळेचे मणी. घरकोंबडे!

एक विचारायचं राहिलं. तुझी पाकिटं किती सुबक चिकटवलेली असतात! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत डिंक, एक सुरकुती नाही. लहानपणी तू डिंकाची बाटली उघडलीस की मांजरसुद्धा चिकटायचं. ही शिस्त कधी आली?

आणखी वाक्यं पाठव. 'ठरवून देणे' या अर्थाला आणि 'सवय बसणे' याला.

तुझा,
मामा

---

२७ फेब्रुवारी

ती. मामा,

उशीर झाला. पत्र तयार होतं, टाकायला जायचं राहिलं.

पाकिटं मी चिकटवत नाही. डॉक्टर चिकटवतात.

आणि माझ्याही चपला सापडत नाहीत. तुम्ही लिहिलंत म्हणून मी जिन्याखाली, पलंगाखाली, सगळीकडे बघितलं. मग आठवेना, की शेवटच्या घातल्या कधी. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दवाखान्यात फिरायला रबरी चपला आहेत ना, त्या घाल.

तुम्ही मागितलेली वाक्यं:

'तुझ्या हाताला या लॅबची सवय झालीय. दुसरीकडे कुठे तुला जमायचं नाही.'

'जिन्याच्या दाराचा कोड मी नवीन सेट केलाय. तुला बाहेर जायचं असलं की मला सांग, मी उघडून देईन.'

मामा, यातलं एकही वाक्य मी रचलेलं नाही. तुमचा नियम मी पाळला आहे. तुम्ही 'सासू म्हणत असावी' असं लिहिलंत, म्हणून सांगितलं.

मामींची खोली आता रिकामीच असेल ना? सहज विचारते. त्या खोलीत उजवीकडच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि सकाळी उठले की मी आधी तिथे जाऊन बसायचे, एवढं मला आठवतं.

तुमची,
ठकू

---

१५ मार्च

चि. ठकूस,

वाक्यं पोचली, कार्डांवर चढली. दोन्ही अस्सल! कुलपाचं वाक्य वाचून वाटलं, काळ किती बदलला. पूर्वी किल्ली हरवायची, आता आकडा विसरतो. तुझ्या घरी असलं आधुनिक दार आलं म्हणजे दवाखाना जोरात चाललेला दिसतो. आनंद आहे.

मामीची खोली कसली रिकामी? कार्डांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलीय. 'ए'पासून 'आर'पर्यंत सगळी इंग्रजी भाषा तिच्या पलंगावर झोपते. आत जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. ती असती तर मला आणि भाषेला एकदमच बाहेर काढलं असतं.

आता एक कंटाळवाणं काम. प्रकाशकाच्या माणसाने परवा दारात उभं राहून कार्डं चाळली आणि माझीच चूक माझ्या पदरात टाकली. तुझ्या सगळ्या वाक्यांखाली मी घाईत नुसतं 'भाचीच्या पत्रातून' असं लिहून मोकळा झालो होतो. तो म्हणाला, तुमचा नियम तुम्हाला नाही का? लाजलो. तेव्हा प्रत्येक वाक्याखाली कोण म्हणालं, कोणाला, कुठे, ते भरून पाठव. पेशंट असतील, शेजारी असतील, नावं नकोत, नातं किंवा धंदा पुरे.

तुझा,
मामा

---

४ एप्रिल

ती. मामा,

भरून पाठवते.

प्लास्टरचं वाक्य: डॉक्टर, मला, लॅबमध्ये.

सगळं सेट करून ठेवल्याचं: डॉक्टर, मला, जेवताना. मी म्हणाले होते की आज भाजी मी आणते.

सवयीचं: डॉक्टर, मला, लॅबमध्येच. दुसऱ्या गावच्या एका लॅबने माणूस हवाय असं विचारलं होतं, ते पत्र त्यांच्या हातात होतं.

कोडचं: डॉक्टर, मला, जिन्यात, दाराशी.

सगळीकडे तेच येतंय, तर तुम्ही पहिल्या कार्डावर लिहून बाकीच्यांवर 'वरीलप्रमाणे' केलंत तरी चालेल.

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची कवळी हातात आहे. खालचा जबडा फार झिजलेला, काही केल्या बसत नाही. तीनदा माप झालं. बाई दवाखान्यात बसून मोठ्याने म्हणतात, ज्या मुलीने दात केलेत तिला बाहेर पाठवा, मला तिच्याशी बोलायचंय. मला आत ऐकू येतं.

तुमची,
ठकू

ता. क. ती. मामा, सा. न. हिची पत्रं पाकिटात घालण्याआधी मी एकदा नजरेखालून घालतो, शुद्धलेखनासाठी. आपलीही येतात तेव्हा आधी मीच वाचतो, फार विनोदी लिहिता. आज मात्र वाचून भरून आलं. मी घरात सहज बोललेलं एखाद्या कोशात जाईल असं कधी वाटलं नव्हतं. एक सूचना: शेवटच्या वाक्यात 'कोड'ऐवजी 'सांकेतिक क्रमांक' केलं तर जास्त भारदस्त वाटेल का? आपला, डॉक्टर.

---

११ एप्रिल

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. आपल्या हातच्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. 'कोड'च ठेवतो. जे जसं बोललं गेलं तसंच छापायचं, एवढंच माझं व्रत आहे.

आज लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. ठकू किती दिवस मागे लागलीय, अखेर माझ्याही मनाने घेतलं. माझ्या तोंडात आता औषधालाही दात नाही. कोश छापून आला की चार लोकांसमोर बोलावं लागेल. कवळी करायची तर भाचीच्याच हातची, असा म्हाताऱ्याचा हट्ट समजा. मला प्रवास होत नाही. घरातून रस्त्यावरसुद्धा उतरलेलो नाही, किती काळ ते विचारू नका. तेव्हा थोड्या दिवसांसाठी तिला इकडे पाठवावं, ही विनंती. माप इथल्या एखाद्या डॉक्टरकडून घेऊ, पुढचं ती बघेल. जाण्यायेण्याची व्यवस्था मी करीन.

आपला,
मामा

---

२० एप्रिल

ती. मामा,

सा. न. आपण कवळीचा निर्णय घेतलात, अभिनंदन. आरोग्याच्या दृष्टीने उत्तम.

परंतु हिला पाठवणं शक्य दिसत नाही. हिला प्रवास झेपत नाही, गर्दीत गोंधळते. शिवाय लॅबचं सगळं हिच्यावरच आहे. परक्या डॉक्टरने घेतलेल्या मापावर मला भरवसाही नाही. आपणच यावं. वरची खोली आपल्यासाठी तयार करतो. आपल्या जेवणाच्या वेळा, औषधं, अंघोळीचं पाणी, सगळं सेट करून ठेवतो. आपल्याला घराबाहेर पाऊलही टाकावं लागणार नाही.

हिचा नमस्कार.

आपला,
डॉक्टर

---

१४ मे

चि. ठकूस,

घरी पोचलो. जावईबापू, तुम्ही हे आधी वाचताय हे ठाऊक आहे, तेव्हा बसून वाचा. आता मी तुमच्यापासून काही लपवून लिहिणार नाही. तेवढा हुशार मी नाही, आणि ठकूलाही ते पेलणार नाही.

ठकू, मी गाढव आहे. नियम मी केला, टेबलासमोरच्या भिंतीवर मी चिकटवला: प्रत्येक वाक्य खरं. आणि तू खरं वाक्य पाठवलंस की मी त्याची चव घेत बसलो. शब्द वाचला, तोंड वाचलं नाही. जिन्याचं दार मला आधुनिक वाटलं!

तुमच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसलो ती सकाळ आठवते का? जावईबापूंचा हात माझ्या तोंडात, जिभेवर तो थंडगार मसाला, आणि ते मला समजावत होते की तू इथे किती सुखात आहेस. मला 'नाही' म्हणायचं होतं. घशातून नुसता घोगरा आवाज आला. ते म्हणाले, 'हलू नका मामा, होतंय सेट.' तू दारात भांडं घेऊन उभी होतीस, आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. माझं आयुष्य शब्दांत गेलं, पण बोलता न येणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. मी थोडाच वेळ होतो तिथे. तू किती वर्षं आहेस?

कवळी झाली. तू ती पाण्यातून काढून माझ्या हातात दिलीस, मी बसवली, आणि जेवणाच्या टेबलावर नव्या दातांनी पहिलं वाक्य बोललो. 'ठकू, चल माझ्याबरोबर.' वाटलं होतं, आता भांडण होईल. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. पण जावईबापूंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, 'जा ना. कोण अडवतंय?' उठले, आपल्याला घेऊन जिना उतरले, आकडे दाबले, दार सताड उघडलं आणि बाजूला उभे राहिले. रस्ता दिसत होता. एक सायकलवाला गेला. तू त्या दाराकडे बघत राहिलीस, आणि म्हणालीस, 'नको मामा. शिक्षिकाबाईंची कवळी राहिलीय.'

मी तुझ्यावर रागावलेलो नाही हे लिहायला बसलो होतो. रागावलो होतो. गाडीत बसल्यावर, परतीच्या सबंध वाटेवर रागावलो होतो. घरी येऊन चपला काढल्या तेव्हा राग गेला. या चपला शोधायला मला किती दिवस लागले, त्या घालून दारात किती वेळ उभा होतो, एकदा तर परत आत आलो होतो, ते आठवलं. आणि माझ्या दाराला तर कुलूपही नव्हतं.

निघताना तुझ्या हातात खाऊसाठी पैसे ठेवले, तेव्हा जावईबापू हसले, 'एवढी मोठी झाली तरी खाऊ?' ते पैसे तुझे आहेत.

आता कोशाचं. 'सेट'ची सगळी कार्डं झाली, एक सोडून. 'सेट आउट', म्हणजे निघणे. किती सोपा अर्थ! प्रकाशकाचा माणूस म्हणाला, लिहून टाका काहीतरी, कोण बघतंय. मी म्हटलं, मी स्वतः निघालो होतो की, माझंच वाक्य घालतो. मग आठवलं, त्या सकाळी मी 'निघतो' असं कोणाला म्हणालोच नव्हतो. म्हणणार कोणाला? घरात कोणी नव्हतं. 'कोणाला'ची जागा रिकामी राहते. ते वाक्य धरता येत नाही. तेव्हा ते कार्ड मी तुझ्यासाठी ठेवलंय. ते भरल्याशिवाय 'सेट' छापायला जाणार नाही, आणि 'सेट' गेल्याशिवाय कोश जाणार नाही. प्रकाशकाला तसं सांगितलंय. त्याने कपाळावर हात मारला.

तुझा,
मामा

---

२ जुलै

चि. ठकूस,

तुझं उत्तर नाही. पाकीट दाबून ठेवलं असेल, का तू लिहिलंच नसशील, मला कळायला मार्ग नाही.

मामीची खोली रिकामी केली. खोकी माझ्या खोलीत आणली, आता मीच आडवा होऊन चालतो. उजवी खिडकी फुगून बसली होती, सुताराने रंधा मारून दिला. दाराशी चपलांसाठी फळी ठोकून घेतली, दोन जोड मावतील एवढी.

रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येतो. निघताना शेजारच्या मुलीला मुद्दाम सांगतो, 'निघतो गं.' ती म्हणते, 'आजोबा, कोपऱ्यापर्यंतच जाताय ना?' ते वाक्य आता कार्डावर घालता येईल, नियमात बसतं. घातलेलं नाही.

प्रकाशकाने पत्र पाठवलं, वकिलाच्या भाषेत. जाऊ दे.

तुझा,
मामा

---

२३ जुलै

ती. मामा,

हे पत्र पोचायच्या आधी बहुधा मीच पोचेन. तरी लिहितेय, कारण कार्डाला कागदाचा आधार लागतो, आणि तुम्ही मला नुसत्या तोंडी सांगण्यावर सोडणार नाही हे मला माहीत आहे. गाडीला वेळ आहे. बाकावर माझ्याशेजारी एक बाई पोराला दूध पाजतेय, तिने मला तिची पेन्सिल दिली.

तुमची दोन्ही पत्रं मला वाचायला मिळाली. डॉक्टरांनी स्वतः आणून दिली, पहिलं तर जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाले, 'मामांचं वय झालं.' मी उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तेही त्यांनी वाचलं असतं, आणि मला तुमच्याशी त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं.

त्या दिवशी मी नको का म्हणाले, ते सांगते. मला वाटायचं, दार बंद आहे म्हणून मी आत आहे. त्यांनी ते उघडलं, आणि माझे पाय हलेनात. बाजूला उभे होते, हात असा पुढे करून, पेशंटला खुर्ची दाखवतात तसा. मामा, त्यांनी उघडून दिलेल्या दारातून मी गेले असते ना, तर संध्याकाळपर्यंत परत आले असते. मला तेव्हा फार भीती वाटली. तुम्ही गेल्यावर मी लॅबमध्ये जाऊन रडले, आणि तुमच्या जबड्याचा साचा हातात घेऊन बसले. तो मी कपाटात ठेवला नाही, माझ्या टेबलावर ठेवला.

आज शिक्षिकाबाई पुन्हा आल्या. खालचं माप पुन्हा घ्यायचं होतं. मी मसाला कालवून दिला, डॉक्टरांनी साचा त्यांच्या तोंडात दाबला आणि धरून उभे राहिले. बाहेर बाकांवर पेशंट होते, पुढचं दार उघडं होतं. रोजच असतं. मी भांडं धुवायला वळले आणि मनात आलं, आता त्यांना हात काढता येणार नाही. माप बिघडवणं त्यांच्याने होत नाही, तुम्हाला माहीत आहे, ते किती नीटनेटके आहेत.

मी भांडं ठेवलं. तुम्ही दिलेले पैसे लॅबच्या मेणाच्या डब्यात होते, ते घेतले. तुमचा साचा पदराखाली घेतला. आणि खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. न सांगताही जाता आलं असतं, त्यांची पाठ होती. पण मग 'कोणाला'ची जागा रिकामी राहिली असती.

वाक्य लिहून घ्या. 'मी निघते.' कोण: मी. कोणाला: डॉक्टरांना. कुठे: दवाखान्यात, चार पेशंटांच्या देखत.

ते हसले. बाहेरचे लोक ऐकत होते ना. अगदी हळू आवाजात म्हणाले, 'दोन मिनिटं थांब. हे सेट होऊ दे, मग बोलू.' हेही घ्या हवं तर, 'घट्ट होणे'खाली.

शिक्षिकाबाईंना बोलता येत नव्हतं. डोळे मात्र एवढे मोठे केले होते. त्यांनी खुर्चीच्या दांडीवरचा हात उचलला आणि दाराकडे केला, वर्ग सोडताना करत असतील तसा. मी निघाले. पळाले नाही, रबरी चपलांत पळता येत नाही. रस्त्यावर ऊन एवढं होतं की थोडा वेळ मला काहीच दिसेना, म्हणून भिंतीला हात लावून चालले. चौकात एकाला स्टेशन विचारलं, त्याने दाखवलं. एवढंच.

अजून मागे कोणी आलेलं नाही. येतीलही. दर वेळी कोणी आत शिरलं की मी पेन्सिल थांबवून दाराकडे बघते, खोटं का सांगू. पण तिकीट हातात आहे, आणि ते वाक्य मला आता म्हणता येतं, पुन्हाही म्हणता येईल.

फळीवर माझी जागा ठेवा. चपला घेईन तिथे आल्यावर. तुम्ही दात घालून बसा, मला तुमचं बोलणं नीट ऐकायचंय. बाईंची कवळी मी तिथून करून पाठवीन, माप नीट आलं असेल तर. नसेल तर बाई येतील, त्या येणाऱ्यांतल्या आहेत.

टपालाच्या खिडकीवर डिंक होता. सगळा बोटांना लागलाय, कागदालाही लागला असेल, माफ करा. पाकीट मी चिकटवतेय.

तुमची,
ठकू